एकट्याला काय म्हणायचं

दिवेआगरला आमच्या शेजारच्या वाडीत एक गृहस्थ राहतात. नारळाची रोपं विकतात आणि बोलताना सारखं 'हाय का न्हाय?' म्हणतात. बायको बाळंतपणात गेली. मुलगी त्यांनीच वाढवली, तिच्या वेण्यासुद्धा घातल्या. ती आता जर्मनीत नर्स आहे. मी घरून जर्मन शिकवते, म्हणून संध्याकाळी ते कुंपणापाशी येऊन एखादा शब्द विचारतात.

एकदा म्हणाले, "बाई, आईबापाला काय म्हनतात?"

"एल्टर्न."

"आन् एकट्यालाच म्हनायचं तर?"

"एल्टर्नटाइल. म्हणजे आईबापातला एक भाग."

"भाग?" त्यांचा चेहरा उतरला. "मी तर सगळाच होतो. हाय का न्हाय?"

मग मी त्यांना 'एल्टर' हा एकवचनी शब्द सांगितला. बोलण्यात तो येत नाही. झाडाप्राण्यांचा अभ्यास करणारे वापरतात. त्याच्या आधी नपुंसकलिंगी 'दास' लागतं, म्हणून नर की मादी, ते त्यातून कळत नाही.

"हा बरा हाय," ते म्हणाले.

रविवारी मुलीचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. "दास एल्टर बोलतंय," ते ताठ बसून म्हणाले. ती खळखळून हसली. "बाबा, असं इथं कुणी म्हणत नाही!" मग तेही हसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "'घरी ये' कसं म्हनायचं?" मी सांगितलं. आठवडाभर रोपांना पाणी घालताना त्यांचं घोकणं मला ऐकू यायचं. पुढच्या रविवारी फोन लागला. ते मराठीतच म्हणाले, "जेवलीस का?"