नऊशे पानांना चार मतं

पावसाळ्यात एक व्हिक्टोरियन कादंबरी वाचायची, हा आमच्या वाचनगटाचा नियम बाईंनी घातला होता. बाई म्हणजे कॉलेजात मला इंग्रजी शिकवणाऱ्या. पुढे मी जिल्हा परिषदेत नोकरी केली, निवृत्त झाले आणि रत्नागिरीतच राहिले. बाईही इथेच राहिल्या, मारुती मंदिराच्या पलीकडे, एकट्या. गटात आम्ही सहाजण होतो. महिन्यातून दोन रविवारी सकाळी वाचनालयाच्या माडीवर जमायचो. कुणी शब्दकोश घेऊन यायचं, कुणी मोबाईलवर वाचायचं, पण मूळ इंग्रजीतूनच वाचायचं, यावर बाई ठाम होत्या.

कादंबरी निवडायची बैठक जूनमध्ये असे. त्या वर्षी दोन नावं पुढे आली, एक माझं आणि एक बाईंचं. माझी कादंबरी नऊशे पानांची होती, एका गिरणीगावातल्या तीन घराण्यांची. मी मेमध्येच तिची शंभर पानं वाचून टिपणं काढून ठेवली होती. बाईंची जेमतेम दीडशे पानांची, समुद्रकाठच्या गावात शिवणकाम करून राहणाऱ्या एका बाईची.

सगळ्यांना आश्चर्य वाटलं, कारण बाई एरवी जाड पुस्तकाच्या बाजूच्या. "कादंबरीत बिऱ्हाड करायचं असतं, चहाला जायचं नसतं," असं त्या वर्गातही सांगायच्या.

मी हसून म्हटलं, "बाई, दमलात वाटतं."

सगळे हसले. बाईही हसल्या. "दमले थोडी," त्या म्हणाल्या. "पण हे पुस्तक माझं वाचायचं राहिलंय. तुमच्याबरोबर वाचावं असं वाटलं."

तिथे मी थांबायला हवं होतं. पण मला माझी टिपणं वाचून दाखवायची होती. मी त्या तीन घराण्यांबद्दल, गिरणीच्या संपाबद्दल वीस मिनिटं बोलले. दीडशे पानांचं पुस्तक दोन बैठकांत संपेल, मग उरलेला पावसाळा करायचं काय, असंही विचारलं. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ गटात होते. ते म्हणाले, "पण हे नऊशे पानांचं संपणार कधी?"

"दिवाळीपर्यंत आरामात," मी म्हणाले.

"दिवाळी लांब आहे," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, लोक मध्येच कंटाळतील असं त्यांना म्हणायचंय. मी म्हटलं, "कुणी कंटाळणार नाही बाई, मी बघते." मग हात वर झाले. नऊशे पानांना चार मतं, दीडशे पानांना दोन. बाईंनी आपलं पुस्तक पिशवीत ठेवलं आणि माझ्या पुस्तकाची कुठली आवृत्ती आणायची ते वहीत लिहून घेतलं. घरी आल्या आल्या मी नवऱ्याला सांगितलं, "आज बाईंना हरवलं." मी खरोखरच खूश होते. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी माझे निबंध लाल शाईने भरून परत दिले होते.

जुलैच्या पहिल्या बैठकीला बाई आल्या. त्यांचं घड्याळ मनगटावरून कोपराकडे सरकत होतं. ते मी पाहिलं. जेवण कमी केलं असेल, एवढंच मनात आलं. दुसऱ्या बैठकीला त्या आल्या नाहीत. फोन बंद होता. मंगळवारी मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या, लांज्याकडच्या मावशींनी दार उघडलं.

"बाई कोल्हापूरला गेल्या. भावाने नेलान."

"कशाला?"

मावशींनी ओले हात पदराला पुसले. "तुम्हाला म्हायत नाय काय? पोटात गाठ हाय. मे महिन्यातच डॉक्टरने सांगितलान. आता इलाज नाय म्हणतात."

मेमध्ये. आम्ही हात वर केले होते जूनमध्ये. मी पडवीतल्या बाकावर बसले. मावशींनी पाणी आणून दिलं, ते हातातच राहिलं.

आठ दिवसांनी बाईंना घरी आणलं. आता घरीच ठेवा, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी गेले तेव्हा त्या खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. चेहरा इतका लहान झाला होता की चष्मा कुणा दुसऱ्याचा वाटत होता.

"बाई, सांगायचं होतंत," मी म्हणाले.

"काय सांगायचं? मला कॅन्सर झालाय म्हणून पातळ पुस्तक घ्या? त्याला मत म्हणत नाहीत." त्यांनी चष्मा सारखा केला. "तुझं ते जाडं मी दोनदा वाचलंय. एम.ए.ला असताना एकदा, नोकरी लागल्यावर एकदा. चांगलं आहे."

मी म्हणाले, आजच सगळ्यांना फोन करते, पुस्तक बदलू. त्यांनी मान हलवली. "लोकांनी दीडशे-दोनशे पानं वाचलीत. त्यांना कशाला? तू ये आणि माझं ते पातळ मला वाचून दाखव. अक्षरं हलतात डोळ्यांपुढे."

तेव्हापासून मी रोज दुपारी जाऊ लागले. पहिल्या दिवशी सात पानं झाली. दोन उच्चार त्यांनी दुरुस्त केले, एका वाक्याला हसल्या, एक परिच्छेद पुन्हा वाचायला लावला. मला वाटलं, जमेल. तीन आठवड्यांत संपवू.

चौथ्या दिवशी दुखणं वाढलं म्हणून औषधाचा डोस वाढवला. मी दुसरं प्रकरण वाचत होते. बाईंनी डोळे उघडून विचारलं, "ही कोण?"

"हीच ती. शिवणकाम करणारी."

"कोण शिवणकाम करते?"

मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. दुसऱ्या दिवशीही तेच. पुढच्या आठवड्यातही तेच. शिवणकाम करणारी बाई त्या गावात उतरायची, खोली भाड्याने घ्यायची, खिडकी उघडायची, आणि बाईंना झोप लागायची किंवा कळ यायची. मी पहिलं प्रकरण अकरा वेळा वाचलं. तिसऱ्या प्रकरणापर्यंत आम्ही कधीच पोहोचलो नाही. मावशी पेज घेऊन यायच्या आणि चमचा तसाच परत न्यायच्या.

एका दुपारी त्या अगदी शुद्धीत होत्या. मी उत्साहाने पुस्तक उघडलं. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"राहू दे आता. मागचं आठवत नाही, पुढचं कळत नाही."

"थोडं थोडं वाचू, बाई."

"जूनमध्ये जमलं असतं," त्या म्हणाल्या.

आवाजात राग नव्हता. चूक दाखवताना त्या वर्गात असंच बोलायच्या, सरळ, आवाज न चढवता. मी पुस्तक मिटलं. त्यांचे पाय दाबत बसले. नंतर मी रोज जात राहिले, पण वाचलं काही नाही. गणपतीच्या आधी चार दिवस त्या गेल्या.

वाचनालयाच्या माडीवर शोकसभा झाली. बाईंच्या वर्गातले बरेच जण आले होते. बँकेतले गृहस्थ बोलायला उभे राहिले आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, "शेवटच्या दिवसांत या रोज जाऊन बाईंना वाचून दाखवायच्या. विद्यार्थिनी असावी तर अशी." लोकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. एका बाईंनी डोळे टिपले.

मग मला बोलायला सांगितलं. आपण सगळं सांगायचं, असं मी घरून ठरवून आले होते. उभी राहिले आणि बाई इंग्रजी किती छान शिकवायच्या, त्यांचं अक्षर किती वळणदार होतं, तेच बोलले. पाच मिनिटं बोलून खाली बसले.

निघताना बाईंचे भाऊ जिन्यापाशी उभे होते. सावर्ड्याला त्यांचं दुकान आहे. दोन महिने ते दुकान बंद ठेवून औषधांसाठी कोल्हापूर-रत्नागिरी करत होते. त्यांनी मला हात जोडले. "तुमच्यामुळे तिचं मनासारखं झालं. एवढं एक समाधान."

मीही हात जोडले. मागे लोक उतरायचे थांबले होते, म्हणून मी बाजूला झाले आणि जिना उतरून रिक्षा शोधायला लागले.