तेकलाची लिपना

...नाही गं आन्का, तेकला पोलिश नव्हती. डोंगरातली होती, लेमको लोकांतली. आणि ते "बिचारी" लिहिलंयस ना, ते आधी खोड. तेकलाला बिचारी म्हटलेलं खपायचं नाही.

ती इथे आली सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात, मालगाडीच्या डब्यातून. बरोबर एक गाय, एक पेटी. घरचं माणूस कुणी नाही. सरकारने त्यांचं अख्खं गाव उठवून वाट्टेल तिथे पांगवलं होतं. तसे इथे सगळेच उपरे. युद्धानंतर हा मुलूख पोलंडला मिळाला, जर्मन निघून गेले, त्यांच्या घरांत आपण शिरलो. तुझी पणजी हेला बुग नदीपलीकडची. सरपंच इग्नाच बॉस्नियाहून आलेला, पोलिश बोलता बोलता मध्येच तिकडचं काहीबाही घालायचा. तरी तेकलाशी पहिला महिना कुणी बोललं नाही. ही माणसं रानातल्या बंदूकवाल्यांना भाकरी पुरवतात, असं लोकांच्या मनात भरवलेलं होतं.

बोलणं सुरू झालं मिठावरून. धड चालणारी भट्टी एकच, हेलाच्या घरची. तेकला पीठ मळून दारात आली.

"थोडं सिल मिळेल का, हेलाबाई?"

"सुल म्हणतात त्याला," हेला म्हणाली.

इग्नाचची बायको यागोदा तिथेच बसली होती. ती म्हणाली, "आमच्याकडे सो."

"बरं, नावं ठेवून झाली असतील तर घाला कुणीतरी," तेकला म्हणाली. "पीठ सुकतंय माझं."

हेलाला हसू आलं. मीठ दिलं, भट्टीत जागाही दिली.

मग दर शनिवारी तिघी भट्टीपाशी. भाकरीला एक ख्लेब म्हणे, एक ख्लिब, एक ह्लेब. दूध झालं म्लेको, मोलोको, म्लियेको. पाण्याला तर तिघींची वोदाच. बटाट्यावर मात्र गाडी अडायची. हेलाचे कार्तोफ्ले, तेकलाची बांदुर्की, यागोदाचे क्रुंपिर.

तेकला म्हणायची, "बटाटा मागाहून आला असणार. तोवर घराच्या वाटण्या झालेल्या, मग ज्याने त्याने आपापलं नाव ठेवलं."

शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं तिने, पण ही गोष्ट मला अजून पटते.

आता तिच्या जीवाला काय लागलं होतं ते लिही. तिचा एकुलता एक पोरगा, सेमान. बेचाळीस साली सतरा वर्षांचा असताना त्याला जर्मनांनी शेतावर राबायला नेलं. मग ना पत्र, ना निरोप. परत आलाच, तर तो डोंगरातलं आपलं गाव, लिपना विचारणार, आणि लिपनेत आता चूलही पेटत नव्हती.

पुढच्या वर्षी जिल्ह्याचा कारकून आला. गावाचं जर्मन नाव पुसायचं, नवं सुचवा म्हणाला. सगळे शाळेत जमले. इग्नाच म्हणाला, "लिपोवात्स. माझा जन्म तिथला." हेला म्हणाली, "लिप्निकी. माझी आई तिथे पुरलीय." मागच्या बाकावरून तेकला म्हणाली, "लिपना."

कारकुनाने चष्मा काढला. "अहो, तिघांचं झाड एकच. लिपाच. रस्त्याला दोन्ही बाजूंनी तीच उभी आहेत. भांडता कशाला? एक सांगा."

"लिप्निकी पाटी वाचून तुझा पोरगा थांबणार नाही का?" हेलाने विचारलं. "एवढी अक्कल नाही त्याला?"

"त्याला आहे," तेकला म्हणाली. "पोस्टमनला नाही."

हेला कारकुनाकडे वळली. मग म्हणाली, "लिही बाबा. लिपना लिही. माझी आई काही पत्र पाठवत नाही."

इग्नाच कुरकुरला, पण यागोदाने कोपर मारलं तसा गप्प झाला. वरूनही मंजुरी आली, पाटी लागली. तेकला रोज जाऊन तिच्यावरची धूळ पुसायची.

पत्रं यायला लागली, पण तिची नव्हेत. पांगलेले, हरवलेले लोक नुसतं गावाचं नाव लिहून पत्र टाकायचे, आणि लिपाचा वास आला की आमचा पोस्टमन ते सरळ तेकलाच्या दारात आणून टाकायचा. लिपनित्साचं, लिपिनेचं, कुठलं कुठलं. तेकलाला वाचता येत नव्हतं. ती हेलाकडे घेऊन जायची.

"जाळ ना चुलीत," हेला म्हणायची. "तुला काय करायचंय?"

"कुणीतरी तिकडे पाटी पुसत असेल," तेकला म्हणायची.

मग दोघी पाद्रीबाबांकडे जायच्या, जुना नकाशा पसरायच्या, आणि जुळतंय वाटेल त्या गावाला पत्र पुढे धाडायच्या. मागे हेला लिहायची, इथलं नाही, तिकडचं असेल, पाठवणारी तेकला, गाव लिपना. स्टॅम्प अंड्यांच्या पैशातून. अशी किती धाडली देव जाणे. त्यातलं एक रशियात कैदेत असलेल्या नवऱ्याचं होतं, बायकोचं नाव झुझाना. ते त्यांनी स्लोवाकियातल्या लिपोवेत्सला पाठवलं.

त्रेपन्न सालच्या शिशिरात पोस्टमन एक पाकीट घेऊन आला. "तेकलाबाई, हे तुमचंच दिसतंय." सेमानचंच होतं. पोरगा मोराव्हियात कोळशाच्या खाणीत होता. डोंगरातलं घर त्याला ओसाड सापडलं होतं. काही जण सीमेपलीकडे लिपोवेत्सला गेले, असं कुणीतरी सांगितलं, म्हणून त्याने पत्र तिकडे टाकलेलं. ते पोचलं झुझानाच्या हातात. तिने मागे लिहिलं होतं, आमच्याकडे तेकला नाही. पण माझ्या नवऱ्याचं पत्र जिने पाठवलं, ती हीच असावी.

तेकला रडली नाही. पाटी पुसून आली आणि मग म्हणाली, "हेला, परत वाच."

सेमान दोन वर्षांनी आला. कागदपत्रांना तेवढा वेळ लागला. पाटीपाशी उतरला, घरात येऊन पहिलं वाक्य काय बोलला, तर "आई, बांदुर्की आहेत का?" हेलाने टोपलीभर कार्तोफ्ले आणून दिले.

तेकलाला जाऊन आता तीस वर्षं झाली. एकदा लिपोवेत्सला जायचं तिच्या मनात होतं, ते राहून गेलं. तू उन्हाळ्यात तिकडे जाणार आहेस ना? मग फळीवरची ती मधाची बरणी घे, लिपाच्या फुलांचा मध आहे. झुझाना आता कुठली असायला, पण तिच्या घरी जे कोणी असेल त्याला दे. सांग, तेकलाकडून आहे, उशीर झाला.