गुंड्या लावलेले शर्ट

माझी बोटं मेली आहेत. शुगरनं मारली, असं डॉक्टर म्हणतो. पेन मुठीत धरून वेडंवाकडं लिहिता येतं, पण गुंडी काही मुठीत धरून लागत नाही. तिला दोन बोटं लागतात, आणि माझ्या दोन बोटांत गुंडी आली की नाही, हे मला बघून कळतं, धरून नाही.

बायको होती तोवर हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ती समोर यायची, दुधाचं काय, गॅसचं काय ते सांगत सांगत गुंड्या लावून टाकायची. आपल्याला कुणी कपडे घालतंय असं कधी वाटलंच नाही. ती गेली. पेटेतलं, म्हणजे जुन्या बाजारपेठेतलं, भाड्याचं घर सोडून मी शहराच्या दुसऱ्या टोकाला मारतहळ्ळीला मुलाच्या फ्लॅटमध्ये आलो, आणि सकाळ झाली की मला धाक पडायला लागला.

दवाखान्यात जायच्या दिवशी खाली टॅक्सी उभी आणि मी आत तिसऱ्या गुंडीवर. ड्रायव्हर फोन करकरून निघून गेला. मुलगा दारातून ओरडला, "अण्णा, लग्नाला चाललाय काय? टीशर्ट घाला की एखादा!" मी बाहेर आलो तर शर्ट एका बाजूला लांब, एका बाजूला आखूड. सुनेनं ते बघितलं. रविवारी तिनं माझं कपाट उघडलं.

सून पुण्याची. महादेवपुऱ्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, निम्मे दिवस घरूनच काम करते. म्हणाली, "बाबा, आपण तुमचं कपाट जरा सिंपल करू या. रोज सकाळी विचार नको, झटापट नको. हात घातला की जे येईल ते घालायचं." आणि पिशवीतून राखी रंगाचे टीशर्ट काढले, काळ्या इलॅस्टिकच्या पँटी काढल्या. सगळं एकसारखं. "मी माझ्या कपाटाचं पण हेच केलंय. इतकं हलकं वाटतं ना!"

वाटत असेल. तिला बोटं आहेत. तिनं नको झालं ते टाकलं.

मी बोम्मसंद्राच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर जन्म काढला. अंगावर खाकी, कंपनी देईल ती. संध्याकाळी घरी आलो की हातपाय धुऊन पांढरा शर्ट घालायचो. मग बाजारात जा, नाहीतर नुसता दारात बस. खाकीतला माणूस फोरमनचा असतो. पांढऱ्या शर्टात मी माझा असायचो. तिसरीत शाळा सोडलेल्या माणसाला हे नीट सांगता येत नाही. म्हणून मी सांगितलं भलतंच.

"हा युनिफॉर्म मी घालणार नाही. मी रिटायर झालोय."

"मग तुम्हीच सांगा, काय ठेवायचं?"

मी ताठ्यात बोलून गेलो, "जे माझ्या हातानं माझ्या अंगावर चढेल ते राहील. जे चढणार नाही ते घेऊन जा. कुठं गेलं म्हणून विचारणार पण नाही."

मुलगा हसला. "अण्णा, शब्द दिलाय हं!"

"मी दिलेला शब्द फिरवलाय कधी?"

दार लावून घेतलं. टेरिकॉटच्या पँटीचा हूक सरकेना. लेंग्याची नाडी एकदा बांधली तर सुटेना, दातानं सोडली तर परत बांधता येईना. मुलाच्या लग्नातला सफारी तर नुसता हातात धरला आणि खाली ठेवला. मग धोतर घेतलं. धोतराची मला खात्री होती. आमच्या गल्लीतले किती नवरदेव माझ्या हातून धोतर नेसून बोहल्यावर गेलेत. पण निऱ्या धरायला घेतल्या की चौथीपर्यंत पहिली निसटायची, आणि काष्टा खोचायला हात मागं नेला की पुढचं सगळं पायात.

बाहेरून सून म्हणाली, "बाबा, मदत करू का?"

"तू तिथंच थांब!"

पायात धोतराचा ढीग घेऊन मी पलंगावर बसलो. शेवटी ती इलॅस्टिकची पँट घातली. सुळकन अंगात गेली, याचंच जास्त वाईट वाटलं. बाकीचं सगळं गुंडाळून दाराबाहेर ठेवलं.

सुनेनं धोतर उचललं. "हे तरी राहू द्या. सणासुदीला तुमचा मुलगा नेसवेल की तुम्हाला."

"त्याला टाय बांधता येतो. धोतराला दोन टोकं असतात हेही ठाऊक नाही त्याला."

"आणि शर्ट?"

"शर्टांचं उद्या. ते खाली इस्त्रीला गेलेत."

ते खरंच गेले होते. आमच्या गेटाशी इस्त्रीची गाडी असते. संध्याकाळी मी तिथं जाऊन उभा राहिलो. इस्त्रीवाला इस्त्री झाली की वरची एक, मधली एक अशी गुंडी लावून घडी घालत होता, सगळेच इस्त्रीवाले घालतात तशी. बघता बघता मला सुचलं. कानडीत म्हटलं, "गळ्याजवळच्या दोन सोड, बाकी सगळ्या लाव. दर खेपेला."

"कशाला, अज्जा?"

"घडी चांगली राहते."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. "सरी," म्हणून त्यानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी शर्ट बनियनसारखा डोक्यावरून घातला, खाली ओढला आणि बाहेर आलो. मुलाचा चहाचा कप हवेतच राहिला. सून म्हणाली, "वा बाबा! मानलं!" चारही शर्ट राहिले. कमरेच्या खाली मी सुनेच्या मर्जीचा, वर माझ्या. तेवढ्यावर मी भागवलं, आणि खोटं कशाला सांगू, चांगलं भागलं.

मग इस्त्रीवाला मुलीच्या लग्नाला गावी गेला. गाडीवर निळी ताडपत्री पडली. शर्ट मशीनमधून आले, मुलानं घरीच इस्त्री फिरवली आणि हँगरला लावून ठेवले, सताड उघडे. मी एक काढून मांडीवर घेतला. गुंडीचा काठ काजाला टेकायचा आणि सरकायचा. टेकायचा आणि सरकायचा. शेवटी राग आला, पण कुणावर काढायचा हेच कळेना.

शब्द तर माझाच होता. चारही शर्ट उचलले आणि सुनेसमोर जेवणाच्या टेबलावर ठेवले. "हे पण घेऊन जा."

"का? घालता की छान."

"आता नको वाटतात."

"इस्त्रीवाला गावाला गेलाय म्हणून?"

मी शर्ट तिच्याकडे आणखी सरकवले.

"त्यानं पहिल्याच आठवड्यात सांगितलं मला," ती म्हणाली. "अज्जांच्या शर्टांना स्वल्प वेळ जास्त लागतो, म्हणाला. मी म्हटलं, लागू दे."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? इतक्या ऐटीत बाहेर आला होतात तुम्ही." तिनं एक शर्ट पुढं ओढला. "मी लावून ठेवत जाईन."

"तू गुंड्या लावल्यावर मी माझ्या हातानं घातला असं कसं म्हणू?"

"आणि तो लावत होता तेव्हा कसं म्हणत होतात?"

चिडता आलं असतं तर बरं झालं असतं. ती कानाला फोन लावून ऑफिसातल्या कुणाशी बोलायला लागली आणि बोलत बोलत भराभरा गुंड्या लावत गेली, शर्टाकडे न बघता. मी समोर उभा. शर्टात मी नव्हतो एवढंच, बाकी ती मलाच कपडे घालत होती.

परवा सकाळी त्यातलाच एक शर्ट डोक्यावरून घेतला. डावा हात गेला. उजवा खांदा थोडे दिवस धरल्यासारखा होता, तो वर जाईना. मागं घ्यावा तर कापड सोडेना. डोकं आत, एक हात वर, तोंडासमोर सगळं पांढरं. स्वतःचाच श्वास गरम लागत होता. खाली बसून बघितलं, उठून बघितलं. दात लावून ओढून बघितलं. जोर करावा तर शिवण उसवेल, आणि मग तो शर्टही जाईल.

स्वयंपाकघरात सून मिक्सरवर चटणी वाटत होती. एवढ्या आवाजात तिला ऐकू जाणार नव्हतं, आणि मला ते बरंच वाटत होतं. मी तसाच उभा राहिलो.

मिक्सर थांबला. मी हाक मारली.