गोजरबाईचा विलायती झगा

झग्याच्या गळ्यातलं लेबल भागवतनं कापलं, तेव्हा आपण उपकारच करून राह्यलो अशी त्याची समजूत होती.

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला भागवतची इस्त्रीची टपरी. कपड्याच्या मानेत लेबल ठेवायचं नाही, हे त्याचं तत्त्व. माणसाला टोचतं आणि इस्त्रीला चिकटतं. गावातल्या निम्म्या शर्टांची लेबलं त्यानं कुणी न सांगता, फुकटात छाटली होती. त्यामुळे गोजरबाईनं मणी लावलेला काळा रेशमी झगा आणून "जरा घड्या मोड" म्हटलं, तेव्हा त्यानं आधी कात्री उचलली, मग इस्त्री.

गोजरबाई बोहारीण. जुने कपडे घ्यायचे आणि बदल्यात स्टीलची भांडी द्यायची. डोक्यावर भांड्यांची पाटी, पाठीवर गाठोडं, आणि उन्हातान्हात गल्ल्यांमधून आरोळी. जगातल्या कुठल्याही वस्तूची किंमत तिला भांड्यांतच कळायची. भागवतच्या लग्नात कुणीतरी तिला विचारलं, नवरदेव कसा काय? तर म्हणाली होती, "दोन पातेल्यांचा. बिगर झाकणाचा."

हा झगा तिला जालन्यात मिळाला. बियाण्यांच्या कंपनीतल्या एका साहेबांचा बंगला रिकामा होत होता. साहेबांनी तरुणपणी विलायतेहून बाईसाहेबांसाठी आणलेला झगा. बाईसाहेबांनी तो आरशासमोर एकदा घातला आणि जालन्यात असं घालून जायचं कुठं, म्हणून ट्रंकेत ठेवला. अख्खं गाठोडं गोजरबाईला एका कळशीत पडलं. मोबाइलवाल्या बबलूनं गंमत म्हणून झग्याचे फोटो टाकले, आणि जुन्या विलायती कपड्यांच्या शौकीन साधनाताईंचा थेट पुण्याहून फोन आला. त्यांनी आकडा सांगितला. तो ऐकून गोजरबाई भागवतच्या टपरीशेजारच्या बंद गाळ्याकडे बघतच राहिली. त्या आकड्यात तो गाळा बसत होता. म्हणजे गोजरबाईलाही आता बसायला मिळणार होतं.

साधनाताई निघाल्या, तसा त्यांचा पुन्हा फोन आला. "मावशी, फोटोतलं ते सोनेरी लेबल तेवढं सांभाळा. त्यावर शिवणाऱ्याचं नाव आहे. ते नसेल तर तो नुसता काळा झगा."

गोजरबाईनं गळा उलटा केला. तिथं चार टाके लोंबत होते.

"भाग्या! हितलं काय झालं?"

"कापलं. टोचलं असतं ना, मावशी."

"कुणाला टोचलं असतं रे? मला घालून मिरवायचा व्हता का त्यो? कुठंय लेबल?"

भागवतनं कात्री हळूच खिशात सारली. सोनेरी अक्षरं छान दिसतात म्हणून ते रूपालीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, लेकीच्या कुंचीवर कपाळापाशी शिवलं होतं. आणि कुंची, लेक, रूपाली, तिघी कालच शहागडला माहेरी गेल्त्या.

त्यानं मोटारसायकलला लाथ घातली. सासुरवाडीत शिरताच सासूबाई "अगंबाई, जावई!" म्हणत चहाच्या भांड्याकडे धावल्या.

"चहा नको! कुंची द्या, जल्दी!"

कुंची लेकीच्या, आकांक्षाच्या डोक्यावर होती. भागवतनं हात लावला मात्र, पोरीनं असा सूर लावला की हायवेवरच्या ट्रकनं हॉर्न थांबवावा. लेबलाचं सगळं एका दमात सांगत भागवतनं खिशातली कात्री काढली.

"खबरदार!" रूपाली म्हणाली. "कात्रीनं एकदा घोळ केला, तेवढा बास न्हाई झाला? मी उसवते तिथं येऊन. चला."

मग कुंचीसकट लेक आणि लेकीसकट आई, अशी वरात वडीगोद्रीला निघाली.

टपरीसमोर साधनाताईंची गाडी उभीच होती. भागवत बघतो तर काय! गोजरबाई झगा उजेडात धरून सांगत होती, "हे बघा, काखंत विरलाय. हितं डाग. शिवण बी ढिली झालीय." जन्मभर दुसऱ्यांच्या कपड्यात खोट काढून भांडं वाचवलेली बाई! कपडा हातात आला की तिचं तोंड आपोआप सुरू व्हायचं. आज माल आपला आहे, हे त्या तोंडाला कुणी कळवलंच नव्हतं.

"मावशी, गप!" भागवत ओरडला. "तुम्ही आज विकून राह्यलात!"

गोजरबाईनं जीभ चावली. साधनाताई मात्र हसत होत्या. "सांगू द्या हो. नवाकोरा असता तर मी आले असते का? लेबल कुठंय?"

"हे काय," म्हणत भागवतनं लेकीला पुढं केलं.

साधनाताईंनी चष्मा सरसावला आणि आकांक्षाच्या कपाळावरचं नाव मोठ्यानं वाचलं. त्यांचा आवाजच बदलला. "हेच! अहो, हेच!" आकांक्षानं झग्याचे मणी मुठीत धरले आणि शहागड सोडल्यापासून पहिल्यांदाच ती गप्प झाली. तेवढ्यात रूपालीनं टाका टाका उसवला. लेबल झग्याच्या गळ्याला लावून पाहिलं, तर जुनी भोकं भोकांवर बराबर बसली.

सौदा झाला. सगळ्यांनी श्वास सोडला. एकटी गोजरबाई हलेना. आजवर प्रत्येक दारातल्या बाईनं तिला जे ऐकवलं, ते म्हणायची तिची पाळी आता आली होती.

"ताई, वर काहीतरी टाका की."

साधनाताईंनी गाडीतला स्वतःचा स्टीलचा डबा काढून दिला. गोजरबाईनं टिचकीनं वाजवून पाहिला. "पत्रा पातळ हाय," म्हणाली, आणि ठेवून घेतला.

दसऱ्याला गाळ्याचं शटर वर गेलं. भांडी लखलखत होती आणि मधोमध, खुर्चीवर मांडी घालून, गोजरबाई. पहिलं गिऱ्हाईक भागवत. काखेत त्याचा लग्नातला कोट.

"जुना हाय, मावशी. लेबल बी शाबूत. बोला, काय देता?"

गोजरबाईनं कोट उजेडात धरला, काख पाहिली, खिसे उलटे केले, मग भागवतकडं पाहिलं.

"चमचा."