पाचवं कडवं

माकणीत बारसं म्हटलं की मथुराबाई आलीच. आता पाळणे मोबाइलवरही लागतात, पण त्यात आपल्या घरच्या लेकराचं नाव कुठलं असायला? मथुराबाई जागच्या जागी जुळवायची. पहिल्या दिवसाचं एक कडवं, दुसऱ्याचं दुसरं, असं बाराव्यापर्यंत. कुणी मधला दिवस गाळला की भरल्या बारशात फटकारायची, "दिवस गाळता येत न्हाय बाई. लेकरू काय उड्या मारत वाढतंय व्हय?" तोंडाची फटकळच, खोटं कशाला बोला.

तिची लेक शिवांजली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी लेकराला ताप भरला आणि चौथ्या दिवशी, सोलापूरच्या वाटेवरच, ते गेलं. शिवांजलीनं हंबरडा फोडला तेव्हा मथुराबाईनंच तिला दटावलं, "बाळंतिणीनं रडू न्हाय, डोळे जातेत." पोरगी गप झाली ती झालीच. महिना होत आला, भिंतीकडं तोंड करून पडून असायची. आता रड म्हटलं तरी रडेना, बोल म्हटलं तरी बोलेना. हिला येड लागतंय का काय, या धास्तीनं मथुराबाईचा घास घशाखाली उतरत नव्हता.

एका दुपारी ती उंबऱ्याशी डाळ निवडत बसली होती. हाताला काम लागलं की तोंडात कडवं यायची तिची जुनी खोड. नको नको म्हणता ओठांवर आलंच.

"पहिल्या दिशी उघडला डोळा,
आजीच्या दारी बायका गोळा, जो जो गं बाळे जो."

ती दचकली. गेलेल्या लेकराचा पाळणा कुणी म्हणतं का? पण पहिलं झालं की दुसरं येतंच, आणि दुसऱ्यामागं तिसरं. या तिसऱ्या दिवसाकडं ती महिनाभर फिरकली नव्हती. 'लेकराचं अंग गरमच असतंय' म्हणत तिनं ती अख्खी सकाळ घालवली होती, आणि हे कुणापाशी बोललीही नव्हती. यमकानं मात्र तिला पळू दिलं नाही.

"तिसऱ्या दिशी तापलं अंग,
आजी तुझी कामात दंग, जो जो गं बाळे जो."

म्हटलं एकदाचं. डोळ्यांतून धार लागली. तशीच पुढं गेली.

"चौथ्या दिशी निजली गार,
उघडंच राह्यलं घराचं दार, जो जो गं बाळे जो."

आता पाचवा. पाचवीला सटवाई येते, लेकराच्या कपाळावर लिहिते. इथं कपाळच उरलं नव्हतं, तर म्हणायचं काय? "पाचव्या दिशी..." ती दोनदा म्हणाली आणि अडकली.

आतून शिवांजलीचा आवाज आला, घोगरा, फुटका.

"पाचव्या दिशी दाटला पान्हा,
सांग गं माय, पाजू मी कोन्हा?"

मथुराबाईचं काळीज फाटलं. त्या दिवशी तिनंच लेकीच्या छातीला फडकं करकचून बांधलं होतं. "सुकंल दोन दिसांत," एवढंच बोलून ती चुलीकडं वळली होती.

डाळीचं सूप तिथंच टाकून ती आत धावली. शिवांजली उठून बसली होती, छातीशी हात दाबून रडत होती. आईनं तिला पोटाशी धरलं आणि दोघी मोठमोठ्यानं रडल्या, आळीतल्या बाया दारात येईस्तोवर.

मग हुंदके देतच लेक म्हणाली, "माय, सहावा म्हण."