एक्झॉस्ट पोर्टमधली काजळी

फौजेतून निवृत्त झाल्यावर मी आर्णीत फवारणी पंप दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. गेल्या आठवड्यात प्रभाकर राऊत नावाचे शेतकरी आपला पेट्रोलचा पंप घेऊन आले.

"हवालदार साहेब, चालू तं होते, पण दम नाही धरत. उद्या कपाशीवर फवारायचं हाय."

मी सायलेन्सर खोलला. धूर बाहेर पडायचं छिद्र, म्हणजे एक्झॉस्ट पोर्ट, काजळीनं अर्ध्याहून जास्त बुजलं होतं. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात. ते प्रमाणाबाहेर गेलं की जळून तिथं कडक थर धरतं. पिस्टन वर आणून मी पोर्ट आतून झाकलं, म्हणजे खरवड सिलिंडरमध्ये पडत नाही. मग बांबूची कामटी घेऊन खरवडायला बसलो.

"पेचकस काहून नाही घेत?"

"स्क्रूड्रायव्हरनं पिस्टनवर ओरखडा पडते. मले हे देवरावनं शिकवलं."

"कोन देवराव?"

त्यांना जे सांगितलं, तेच इथे लिहितो.

नाईक देवराव मेश्राम आमच्या कंपनीत मेकॅनिक होता. त्याचं गाव पांढरकवड्याच्या पुढे, जंगलाला लागून. मी घाटंजीचा. उत्तरेतल्या एका बर्फाळ पोस्टवर आम्ही बरोबरच गेलो. सगळ्यांशी हिंदी बोलायचो, आपसात वऱ्हाडी. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर सज्ज राहणं, मग बर्फ उपसणं, पहारा, सकाळ-संध्याकाळ रेडिओवर रिपोर्ट. रेडिओच्या बॅटऱ्या एका छोट्या टू-स्ट्रोक जनरेटरवर चार्ज व्हायच्या. पोळ्याला बैल घासावा तसा देवराव त्या जनरेटरला पुसायचा. दुपारी ऊन पडलं की आम्ही तिथेच बसायचो. तो गावच्या मोहफुलांबद्दल बोलायचा, मी तुरीच्या सोल्यांच्या, म्हणजे ओल्या दाण्यांच्या भाजीबद्दल. हवाबंद डब्यातली भाजी खाऊन खाऊन दोघांच्याही तोंडाची चव गेली होती.

देवराव सुट्टीवर गेला, तेव्हा थंडीत इंजिनाला बरं म्हणून मिश्रणात ऑइल जास्त पडत गेलं. तो परतला आणि लगेच मोठा बर्फ सुरू झाला. त्याच बर्फात सिपाही जोगिंदर आजारी पडला. हिमाचलचा उंच, हसरा गडी. आधी नुसती धाप लागायची, मग खोकल्यातून गुलाबी फेस येऊ लागला. नर्सिंग असिस्टंट म्हणाला, "छाती में पानी भर रहा है. नीचे भेजना पड़ेगा."

पोस्टचे प्रमुख असलेल्या सुभेदार साहेबांनी रेडिओ उचलला. बॅटरी उतरली होती. जनरेटर दोरी ओढली की धरायचा, खोकायचा आणि बंद पडायचा.

"देवराव, कितना टाइम?"

"खोलके बताता हूँ, साहब."

आम्ही पेट्रोलची टाकी बाहेर ठेवली आणि इंजिन बंकरमध्ये आणलं. सायलेन्सर निघाला. पोर्टमध्ये जेमतेम पेन्सिल जाईल एवढी वाट उरली होती. देवरावनं रेशनच्या खोक्याची फळी फोडून कामटी केली आणि हातमोजे काढले.

"मोजे घाल बे, बोटं जातीन," मी म्हटलं.

"मोज्यातून कसं समजन? कुठं गुळगुळीत झालं ते बोटाले लागलं पाहिजे."

लोखंड इतकं गार होतं, की त्याच्या बोटांची साल त्याला चिकटून निघत होती. मी टॉर्च धरला होता. पलीकडे जोगिंदरचा श्वास घरघरत होता. देवराव एकदाही तिकडे वळला नाही. पोर्ट साफ झालं, इंजिन बाहेर नेऊन जोडलं. त्यानं दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. इंजिन खोकलं, आणि मग एकसारखं चालू लागलं.

थोड्या वेळानं रेडिओवर बोलणाऱ्या सुभेदार साहेबांचा आवाज आला. "टायगर, टायगर थ्री. वन सीरियस पेशंट. रिक्वेस्ट चॉपर. ओव्हर."

खालून उत्तर आलं, "टायगर थ्री, चॉपर फर्स्ट लाइट, इफ वेदर क्लिअर. ओव्हर."

सकाळी आभाळ उघडलं. हेलिकॉप्टर जोगिंदरला घेऊन खाली गेलं. देवरावच्या बोटांना पट्ट्या होत्या. तो मला एवढंच म्हणाला, "चाल, च्या मांड."

पुढच्या हिवाळ्यात पेट्रोलिंगवर असताना बर्फाचा उतार सुटला आणि देवराव त्याखाली गेला. त्याला घरी न्यायला मलाच पाठवलं.

अंत्यसंस्कार झाल्यावर त्याचे वडील माझ्याजवळ येऊन बसले. "आमचा देवराव तिथं काय करे जी?"

मी त्यांना इंजिन, काजळी, बोटं, जोगिंदर सगळं सांगितलं.

"मंग तो पोरगा वाचला?"

"वाचला, बाबा. आता ड्यूटीवर हाय."

ते उठले आणि आत जाऊन देवरावच्या आईला त्यांच्या घरच्या गोंडी भाषेत सांगू लागले. मला त्यातलं काही कळत नव्हतं, फक्त जोगिंदरचं नाव कळलं. मग आई एकदा ते नाव हळूच, अडखळत म्हणाली, आणि तेव्हा पहिल्यांदा तिला रडू फुटलं.