वॉलेस स्ट्रीटची माती

एल्वुड बोइकिन सात वर्षांचा असताना अमेरिकेतल्या डेटन शहरातली त्याची गल्ली, वॉलेस स्ट्रीट, महामार्गाच्या इंटरचेंजखाली, जोडरस्त्यांच्या जाळ्याखाली, गेली. छप्पन वर्षांनी तो इंटरचेंज पाडून नव्याने बांधायचे ठरले, आणि त्याआधी तिथली माती तपासण्यासाठी एल्वुडचे ड्रिल यंत्र बोलावण्यात आले. बंद कारखान्यांच्या आणि जुन्या पेट्रोलपंपांच्या आवारात भोके पाडून प्लॅस्टिकच्या नळीतून माती वर काढण्यात त्याची चाळीस वर्षे गेली होती. त्या मातीत काय निघाले, हे त्याने कधी विचारले नव्हते. आपला संबंध भोकापुरता, असे तो म्हणे.

ही आपलीच गल्ली होती असे सांगून या वेळी त्याने विचारले.

रस्त्याकडेच्या उतारावर पहिल्याच फुटात माती काळीभोर निघाली. भूशास्त्रज्ञ हॅनलीबाईंनी तिला तपासणीचे यंत्र टेकवले.

"शिसं. दहा लाखांत सोळाशे भाग," त्या म्हणाल्या. "मुलं खेळतात त्या अंगणात दोनशेसुद्धा जास्त, मिस्टर बोइकिन. जुन्या पेट्रोलचा धूर. पडला तिथंच राहिला."

"आणि खाली?"

"चार फुटांवर स्वच्छ. तुमची गल्ली चांगली होती की!"

एल्वुडने यंत्र बंद केले. अकरा वर्षांपूर्वी याच उताराची दुरुस्ती झाली होती. तेव्हा खरवडलेली ही काळी माती पिकअपमध्ये भरून, तीन खेपा करून, त्याने थोरल्या बहिणीच्या, अर्नेस्टीनच्या, परसात नेऊन टाकली होती. गल्ली उठवली त्या वर्षी सरकारी माणसांनी आईला तिथल्या तिच्या वाफ्यातला पालासुद्धा खुडू दिला नव्हता. "भावानं आईची माती परत आणली," असे अर्नेस्टीन चर्चभर सांगत सुटली होती. वॉलेस स्ट्रीटवरून उठलेल्या सहा घरांना तिने कॉफीच्या डब्यांतून ती माती वाटलीही होती.

गेल्या वर्षी तिच्याच घरात वाढणाऱ्या दोन वर्षांच्या नातवाच्या, आयझायाच्या, रक्तात शिसे निघाले. घराच्या खिडक्यांचा रंग जुनाट, शिसे असलेला, म्हणून दोष सुनेवर, रेनीटावर, आला. "पोराला खिडकीशी सोडायचं आणि आपण फोनवर बसायचं. असली घाणेरडी आई!" हे अर्नेस्टीन भर चर्चमध्ये बोलली. रेनीटा मुलाला घेऊन कोलंबसला माहेरी निघून गेली.

एल्वुडने बहिणीच्या वाफ्यातली मूठभर माती बरणीतून नेली. हॅनलीबाईंनी ती आपलेपणाने तपासून दिली. चौदाशे.

तो आला तेव्हा अर्नेस्टीन वाफ्यात कॉलर्डची, कोबीच्या जातीच्या पालेभाजीची, पाने खुडत होती.

"अर्नी, खिडकी नव्हती ती. पोरगं खेळायचं तो हा वाफा आहे. आणि माती मी आणलेली."

तिचा हात थांबला नाही. "आईची माती आहे ती."

"आईची चार फूट खाली राहिली. ही गाड्यांची."

"दहावीत शाळा सोडलेला तू, मला माती शिकवतोस?"

"चाळीस वर्षं तीच उपसतोय."

तिने टोपली खाली ठेवली. "कुणाला सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग सांगू नकोस. त्या सहा घरांत मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

"आणि रेनीटा?"

"बसली आहे ना सुखानं आईकडं!"

त्याच संध्याकाळी त्याने रेनीटाला फोन लावला. सगळे ऐकून घेऊन ती म्हणाली, "मामा, कानात सांगितलेली माफी नको मला. चर्चमध्ये बोलल्या त्या. तुम्हीही तिथंच बोला."

रविवारी चर्चमध्ये साक्ष देण्याची, देवाच्या कृपेचा अनुभव सगळ्यांपुढे सांगण्याची, वेळ आली तेव्हा एल्वुड उठला. गुडघादुखी थांबली म्हटले तरी ज्या चर्चमध्ये दहा तोंडांतून 'आमेन' निघे, तिथे त्याची एकेक ओळ बाकांवर पडून राहिली. धुराची गोष्ट, तीन खेपा, कॉफीचे डबे, रेनीटाचा निर्दोषपणा, सारे त्याने सांगितले. अर्नेस्टीन समोर पाहत पंख्याने वारा घेत होती. बाहेर पायऱ्यांवर चर्चचे काम पाहणाऱ्या म्हाताऱ्या डीकन ग्रिग्जने त्याला गाठले. "सख्ख्या बहिणीला चारचौघांत असं उघडं पाडतात होय रे?" त्या सहा घरांतले एक ग्रिग्जचे होते; आपल्या घरी आलेल्या मातीच्या डब्याचे काय करायचे, हे मात्र त्याने विचारले नाही.

ती साक्ष कोणीतरी रेनीटाला कळवली. तिचा फोन आला तेव्हा तिचा आवाज प्रथमच मोकळा वाटला. "शनिवारी येते, मामा. आयझायाला घेऊन."

सोमवारी एल्वुड ती माती उपसून काढायला फावडे घेऊन बहिणीकडे गेला. परसाच्या फाटकाला नवे कुलूप होते. वाफे नुकतेच शिंपलेले, आणि काळ्या मातीत कॉलर्डची कोवळी रोपे ओळीने लावलेली. त्याने हाक मारली. खिडकीच्या पडद्यामागे कुणी तरी सरकले. दार उघडले नाही.

गाडीत बसून त्याने कोलंबसचा नंबर फिरवला.

"रेनीटा," तो म्हणाला, "येऊ नकोस, बाळ. अजून नको."